‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमकं काय मोडलं?

पाऊस उघडून दिवाळीच्या आसपास आभाळ स्वच्छ झालं, की शिरपूर-धुळ्याकडच्या शेतांवरून छोट्या विमानांची घरघर सकाळीच सुरू होते. कापूस वेचणाऱ्या बायका आता मान वर करत नाहीत. पूर्वी पोरं हात हलवत बांधावरून धावायची, आता त्यांना विमान आणि ट्रॅक्टर सारखेच. पण आवाज मध्येच तुटला, की सगळ्यांच्या माना एकदम वर जातात. इंजिन बंद पडल्याचा सराव देताना शिक्षक मुद्दाम थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतात, त्यामुळे असा आवाज अधूनमधून तुटतोच. तो पुन्हा जुळेपर्यंत वेचणीचे हात थांबलेले असतात.

आमच्या पारावर पेपर मोठ्यानं वाचायची पद्धत अजून टिकून आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली, १९ तारखेला एक आणि २२ तारखेला दुसरं, तेव्हा त्या बातम्याही अशाच वाचल्या गेल्या. विमान पडल्याच्या बातमीत दोन शब्द ठरलेले असतात: ‘तांत्रिक बिघाड’. कधी ‘प्राथमिक अंदाज’ असं शेपूट लावून, कधी तेही न लावता. शेजारच्या नानांची सगळी हयात विहिरीवरच्या इंजिनाशी झटापट करण्यात गेली. ते म्हणाले, “बिघाड म्हंजे काय मोडनं व्हतं?” वाचणाऱ्यानं पुन्हा बातमी चाळली. त्यात ते नव्हतं. पुढे कित्येक महिने नाना भेटले की विचारायचे, “मास्तर, त्या इमानमा काय मोडनं व्हतं ते समजनं का?” मी पॉलिटेक्निकला एकतीस वर्षं मेकॅनिकल शिकवलं. मला उत्तर देता येईना. त्याहून लाजेची गोष्ट अशी, की तोवर हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर ‘तब्येतीचा बिघाड’ असं लिहिलं, तर तो दाखला कोणी घेणार नाही. विमानाच्या बाबतीत मात्र आपण तो निमूटपणे घेतो. ‘तांत्रिक बिघाड’ म्हटलं, की वैमानिकाचं नाव शाबूत राहतं, संस्थेचं राहतं, यंत्र बिचारं कोर्टात जात नाही आणि वाचणारा पान उलटतो. याच्या उलट टोपली म्हणजे ‘मानवी चूक’. तिच्यात एक माणूस टाकला, की बाकीचे सगळे घरी जायला मोकळे. माझं म्हणणं असं, की या दोन टोपल्यांची वाटणीच खोटी आहे. बोल्ट आपसूक ढिला होत नाही. तो कोणीतरी आवळलेला असतो, कोणीतरी तपासलेला असतो, त्यावर कोणाची तरी सही असते, आणि तो किती तासांनी बदलायचा हे कोणत्या तरी टेबलावर ठरलेलं असतं. यंत्र मोडलं हे खरं असलं, तरी तिथून चौकशीला सुरुवात व्हायला हवी. आपल्याकडे तिथे ती संपते.

विमानाच्या इतिहासातला पहिला जीवघेणा अपघातही यंत्र मोडूनच झाला. १७ सप्टेंबर १९०८, अमेरिकेतलं फोर्ट मायर. ऑर्व्हिल राइट लष्कराला आपलं विमान दाखवत होता, शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसलेला. शंभर-सव्वाशे फुटांवर असताना एका पंख्याचं पातं चिरलं. चिरलेल्या पात्याची ओढ कमी झाली, दोन बाजूंचा तोल गेला, थरथर इतकी वाढली की पातं मागच्या सुकाणूच्या ताणतारेला जाऊन भिडलं. तार तुटली, सुकाणू निकामी झालं, विमान नाकावर आलं. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेला. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑर्व्हिलनं इस्पितळातल्या खाटेवर ते मोडके तुकडे मागवून घेतले आणि पातं आधी चिरलं की तार आधी तुटली, याचा छडा लावला. पातं त्यांनी स्वतःच बनवलेलं होतं. ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून मोकळं होणं त्याला जगातल्या कोणाहूनही सोपं होतं, कारण त्या दोघा राइट भावांखेरीज ते यंत्र कोणाला कळतच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यानं सुधारलेलं विमान त्याच मैदानावर उडवून दाखवलं आणि लष्करानं ते विकत घेतलं.

आता आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे या. शिकायच्या विमानाला बहुतेक वेळा एकच इंजिन असतं. दोन माणसं, शंभर ते पावणेदोनशे अश्वशक्ती. त्यातही काही गोष्टी जाणून दुहेरी ठेवलेल्या असतात: ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन, प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन. धावपट्टीवर जायच्या आधी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून इंजिनाचे फेरे किती कमी होतात ते बघतो. पण पंखा फिरवणारा क्रँकशाफ्ट एकच, तेलाचा पंप एकच. तिथे काही झालं तर पर्याय नाही. सेसना १७२ सारखं विमान इंजिनाशिवाय धोंड्यासारखं खाली येत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. ते घसरत येतं. एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे हजार फुटांवर इंजिन गेलं, तर वैमानिकाच्या हातात अडीच किलोमीटरच्या आसपास त्रिज्येचं वर्तुळ आणि दीडेक मिनिट. एवढ्यात त्यानं वेग सांभाळायचा, शेत निवडायचं, वारा बघायचा, इंधनाची चावी आणि मॅग्नेटो पुन्हा तपासायचे, जमलंच तर रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक द्यायची. आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं, तर मागे धावपट्टीकडे वळायचा मोह आवरायचा, कारण त्या वळणातच विमान वेग हरवून कोसळतं. समोर जे मिळेल त्यात उतरायचं, हेच शिकवलं जातं.

समोर काय मिळेल? खानदेशात हा प्रश्न हंगामावर आहे. उन्हाळ्यात नांगरून पडलेलं काळं रान मिळालं तर नशीब, चाकं रुतून विमान उलटेल, पण माणसं वाचू शकतात. कापूस कंबरेएवढा असेल तर अवघड. केळीची बाग वरून हिरव्या गादीसारखी दिसते, पण खाली आठ-दहा फुटांचे खांब ओळीनं उभे असतात. जोडीला विजेच्या तारा. वरून शेत दिसतं, खांबही दिसतो, तार दिसत नाही. तापीचं पात्र रुंद आहे, पण प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाड्याच्या बॅरेजेसनी आता बराच काळ ते पाण्यानं भरलेलं असतं. शिकायला आलेलं पोरगं एकोणीस-वीस वर्षांचं असतं, बऱ्याचदा दूरच्या शहरातलं. केळी आणि ऊस यातला फरक ते हजार फुटांवरून ओळखणार कसं? मला तर वाटतं, इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक दिवस बैलगाडीतून शिवार फिरवावं. थट्टा नाही करत.

आणि आपलं ऊन. हवा तापली की विरळ होते, हे आठवीच्या पुस्तकात आहे, पण त्याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ वर गेला, की तिथली हवा विमानाला चौदाशे मीटरवरच्या हवेसारखी लागते. म्हणजे जवळपास आपल्या सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या शिखरावरच्या हवेसारखी. विमान जमिनीवर उभं आहे आणि त्याच्या पंखांना, पंख्याला, इंजिनाला वाटतंय की आपण अस्तंभा चढून आलोय. धाव लांबते, चढ मंदावतो, हवेनं थंड होणारं इंजिन थंड व्हायला कुरकुरतं, तेल पातळ होतं. म्हणून शहाणी मंडळी उन्हाळ्यात पहाटे उडतात. पावसाळ्यात वेगळीच गंमत. दमट हवेत, पंचवीस अंश तापमानातही, कार्बोरेटरच्या नळीत बर्फ धरू शकतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम थंड पडते. इंजिन गुदमरतं, विमान उतरतं किंवा पडतं, आणि तपासणारा पोचेपर्यंत बर्फ वितळून गेलेला असतो. इंजिन उघडून बघितलं तर ठणठणीत. अशा वेळी कारण शोधायचं, तर त्या दिवसाची हवा, वैमानिकानं काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, कार्बोरेटरला गरम हवा द्यायचा दांडा कुठे होता, सगळं जुळवावं लागतं. हे काम एका दिवसाचं नाही आणि ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांत मावणारंही नाही.

नानांकडे परत जातो. त्यांच्या विहिरीवर पूर्वी पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं. मी लहानपणी तिथे पोहायला जायचो. एकदा इंजिन चांगलं धडधडत असताना नाना दारं धरायचं सोडून चिखलातून पळत आले आणि त्यांनी ते बंद केलं. आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री आला, त्यानं उघडलं, तर कनेक्टिंग रॉडचा बेअरिंगचा पत्रा झिजून चकचकीत झालेला. आणखी तासभर चाललं असतं तर रॉड बाहेर आला असता. “इंजन बोलस, भो,” नाना म्हणाले होते. “आयकाले कान जोयजेत.” माझ्या मेकॅनिकलच्या शिक्षणाची सुरुवात मी तिथून धरतो.

विमानातही असा ऐकणारा माणूस असतो, पण तो कोणाला दिसत नाही. माझा एक जुना विद्यार्थी विमानांच्या देखभालीत आहे. कुठे ते सांगत नाही, त्याच्या पोटावर पाय यायला नको. एकदा सुटीत घरी आला, तेव्हा त्यानं मला तेलाचा फिल्टर कसा बघतात ते करून दाखवलं. मोटारसायकलचाच जुना फिल्टर घेतला, डबा कापला, आतला घडीचा कागद सोडवून अंगणात उन्हात पांढऱ्या फडक्यावर पसरला आणि त्याच्याभोवती उकिडवं बसून फिरत राहिला. कोन बदलला की उन्हात एखादा कण चमकतो. चुंबकाला चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर अॅल्युमिनियम किंवा पितळ, म्हणजे आत कोण झिजतंय ते कळतं. दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, विमानाचं हे करताना मागे चार जण उभे असतात. विद्यार्थी तयार, इन्स्ट्रक्टर तयार, वेळापत्रक लावणारा फोनवर. आणि मी असा उकिडवा.”

ते चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. पोरांच्या आई-बापांनी त्यासाठी शेत विकलेलं किंवा कर्ज काढलेलं असतं, चाळीस-पन्नास लाखांच्या घरात. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, म्हणून कोरड्या महिन्यांत विमान जमिनीवर उभं राहिलं की प्रत्येकाचं काहीतरी जातं. संस्थेचं उत्पन्न, पोराचे दिवस, शिक्षकाचे तास. देखभालवाल्याच्या बाजूनं बोलणारं तिथे कोणी नसतं. विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२५ पासून वैमानिक प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरची ‘ए’ श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही. प्रामाणिकपणा म्हणून हे मला आवडलं. पण तिथली गुणांची विभागणी बघा: सुरक्षेचे निकष हा त्यातला एक भाग, जोडीला कामगिरीचेही गुण. विद्यार्थी किती दिवसांत तयार झाला याला वजन हवंच, त्या आई-बापांच्या डोक्यावर व्याज चढत असतं. तरी उन्हात फडकं पसरून बसलेल्या त्या पोरानं ‘आज हे विमान उडणार नाही’ म्हटलं, तर त्याच्या संस्थेचे गुण वाढतात की घटतात, हे मला कोणीतरी सांगावं.

इथे मला माझ्याच बोलण्याला थोडा आळा घालायला हवा. इंजिन बोलतं हे नानांचं खरं, पण विमानात सगळंच बोलत नाही. ४ एप्रिल २०१८ ला अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना बीचजवळ एका विद्यापीठाचं पायपर बनावटीचं प्रशिक्षण विमान उडालं. आत एक विद्यार्थी आणि त्याची परीक्षा घ्यायला बसलेले परीक्षक. चढता चढता डावा पंखच विमानापासून सुटला. दोघंही गेले. तपासणाऱ्यांनी मोडलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, जिथे बोल्टनं जोडलेली असते, त्या भोकाच्या कडेपासून निघालेली भेग दिसली. धातूचा थकवा. तार वारंवार वाकवली की तुटते तसाच, फक्त इथे हजारो तास, हजारो वेळा जमिनीवर टेकणं आणि खालच्या थरातल्या खडबडीत हवेतले हेलकावे. भेग बोल्टखाली लपलेली, ती ना डोळ्यांना दिसत होती, ना आवाज करत होती. मग त्यांनी त्याच संस्थेतली बाकीची विमानं तपासली. आणखी एका विमानात तशीच भेग सापडली. ते विमान तोवर उडत होतं.

चौकशीचा अहवाल छापला गेला, सोबतची छायाचित्रं आणि प्रयोगशाळेची टिपणं कोणालाही वाचायला खुली झाली. पुढे २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या नियामकानं आदेश काढला, की त्या जातीच्या विमानांचा वापर अमुक इतका झाला, की बोल्ट काढून भोकाची विद्युतप्रवाहानं तपासणी करायची. असा आदेश निघाला की त्या जातीचं विमान जगात कुठेही उभं असो, त्याच्या देखभालवाल्याला तो वाचावाच लागतो. दोन माणसं गेली ती परत आली नाहीत. पण त्यांचं जाणं वाया गेलं नाही असं जर कुठे म्हणता येत असेल, तर अशा ठिकाणी. फ्लोरिडातल्या बोल्टच्या भोकाचा हिशेब जगातल्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, पोचतो, आणि बारामतीचा हिशेब आमच्या पारावर पोचत नाही.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. विमान अपघात अन्वेषण विभाग २०१२ पासून आहे, २०१७ चे नियम आहेत, १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. आंतरराष्ट्रीय संकेतही आपण मानतो: प्राथमिक अहवाल तीस दिवसांत, शेवटचा शक्य तर वर्षभरात, आणि नाही जमलं तर दर वर्षदिनाला तपास कुठवर आला ते जाहीर करायचं. तपासाचा हेतू दोष किंवा नुकसानभरपाईची जबाबदारी ठरवणं नाही, तर पुढचा अपघात टाळणं, असंही त्यात स्पष्ट आहे. मोठं विमान पडलं की हे घड्याळ आपोआप चालतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला बोइंग पडलं, २६० माणसं गेली, आणि प्राथमिक अहवाल महिनाभरात सगळ्या देशानं वाचला, त्यातल्या इंधनाच्या कळांवर चहाच्या टपरीवर वाद झाले. दोन आसनी विमानाला कोणाचा एवढा धाक? तो अहवाल इंग्रजीत संकेतस्थळावर चढतो, आणि चढल्याची बातमी होत नाही. पडल्याची झालेली असते तेवढी पुरे.

चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात १६ जुलै २०२१ ला शिरपूरहून उडालेलं प्रशिक्षण विमान सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. शिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक मुलगी गंभीर जखमी झाली. त्या अपघाताच्या कारणाबद्दल मी इथे बोलत नाही, माझा मुद्दा दुसरा आहे. तिथे आधी पोचले ते जंगलातले आदिवासी. गाडी जाईल असा रस्ता नाही, पावसाचे दिवस, चिखल. त्यांनी लुगड्याची आणि काठ्यांची झोळी केली आणि त्या मुलीला पायवाटेनं खाली आणलं. बातम्यांत त्यांचं कौतुक झालं, योग्यच झालं. पण ज्यांनी विमान पडताना आवाज ऐकला, ज्यांनी मोडलेले तुकडे पहिल्यांदा पाहिले, ज्यांच्या खांद्यावरून ती मुलगी वाचली, त्यांना त्या विमानाचं पुढे काय निष्पन्न झालं हे त्यांच्या भाषेत कोणी येऊन सांगायला नको का? अहवालाची चार पानी मराठी प्रत त्या ग्रामपंचायतीत लावायला किती खर्च येतो? पंचनाम्याची प्रत आपण बैल मेला तरी देतो.

“मग बंदच करा ना ही विमानं,” असं म्हणणारेही पारावर आहेत. मला ते पटत नाही. जेआरडी टाटा ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये उडायला शिकले, त्या क्लबची विमानं धुळ्याच्या गोंदूरवरून उडत आली आहेत, जळगावला, शिरपूरला दुसऱ्या संस्थांची उडतात. आमच्या पोरींनी पहिल्यांदा बाई विमान चालवते हे पाहिलं ते टीव्हीवर नाही, बांधावरून. ही धावपट्टी उखडून तिथे पुन्हा कुसळं उगवू द्यायची, यात कोणाचं भलं? दुसरे म्हणतात, एसटीचे आणि दुचाकींचे अपघात रोज होतात, त्यात विमानाचं काय कौतुक. आकड्यांनी ते बरोबर आहे. पण विमानाच्या क्षेत्रानं प्रत्येक मोडलेल्या तुकड्याचा जाब घ्यायची सवय लावून घेतली, म्हणूनच ते आज इतकं सुरक्षित आहे. दुचाकीच्या अपघातांचा असा जाब कोणी घेत नाही, म्हणून आपण रोज मरतो. ही तुलना उलट्या बाजूनं करायला हवी.

एक आक्षेप मात्र वजनाचा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्यानंच तो घेतला. “सर, सगळं उघड झालं तर पोलीस पहिल्यांदा सही करणाऱ्याला उचलतील. मग कोण लिहील की माझ्याकडून पाना फिरवायचा राहिला होता?” बरोबर आहे. तपास दोष ठरवण्यासाठी नाही, असं नियम म्हणतो, पण फौजदाराला तो नियम पाठ नसतो, आणि पेपरात आरोपीचं नाव छापून आल्यावर तो कोणाला आठवत नाही. म्हणून माझी मागणी नावं जाहीर करा अशी नाहीच. नाव झाका, तुकडा दाखवा. कोणता भाग मोडला, किती तास चालला होता, शेवटचा कधी उघडला होता, आधी कोणी तक्रार लिहिली होती का आणि त्या तक्रारीचं काय झालं. चुकीची कबुली देणाऱ्याला संरक्षण, आणि कबुली दाबणाऱ्याला शिक्षा. दारू पिऊन काम केलं, खोटी सही केली, तर तो वेगळा गुन्हा, तिथे पोलीस जाऊ देत. बारामतीच्या दोन अपघातांनंतर त्या संस्थेची उड्डाणं महासंचालनालयानं थांबवली होती. कारवाई दिसली. त्यातून बाकीच्यांच्या हँगरमध्ये काय शिकून गेलं, ते दिसलं नाही.

आणि ज्याच्या शेतात विमान उतरतं त्या शेतकऱ्याचंही जाता जाता. त्याचं ठिबक तुटतं, गर्दी उभं पीक तुडवते, तपास होईपर्यंत त्याला स्वतःच्याच रानात जायची चोरी. विम्याच्या कागदांवर तिऱ्हाइताच्या नुकसानीची सोय असते, पण तो कागद कोणाकडे मागायचा हे त्याला तलाठीही सांगत नाही.

या दिवाळीत नाना आले, तेव्हा मी त्यांना फ्लोरिडाच्या त्या विमानाची हकीकत सांगितली. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पंख काढला, तुळई काढली, बोल्टचं भोक काढलं आणि भेग पेन्सिलीनं गिरवली. नानांनी चष्मा पुसला.

“आनि दुसरा इमानले बी तशीच भेग व्हती?”

“होती.”

“ते उडत व्हतं?”

“उडत होतं.”

“मंग वाजत नव्हतं का ते काही?”

नाही, म्हटलं, भेग वाजत नाही. भोक उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. नाना बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसले. बोल्ट केवढा असतो ते विचारलं, मी बोटानं माप दाखवलं. मग पत्रिका घडी करून त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली आणि ‘पारावर दाखवतो’ म्हणून उठले.